संगणक घेऊन आहुप्याकडे

पुण्यात आमच्या संस्थेचं एक मासिक पत्रक निघत असे. पानं मोजकीच आणि कागद पिवळसर. स्वयंसेवी संस्थांना संगणकाबद्दल सोप्या मराठीत सांगायचं, एवढंच त्याचं काम. प्रिंटर कुठला घ्यावा, ई-मेल म्हणजे काय, व्हायरस आला म्हणून घाबरून संगणकावर कापड टाकून तो कोपऱ्यात का ठेवू नये, असं सगळं. दोन हजार सालाच्या पुढची ती दोन-तीन वर्षं होती. शहरातल्या कंपन्या जुने संगणक काढून नवे घेत होत्या. ते जुने आम्ही मागून आणायचो, दुरुस्त करायचो आणि खेड्यापाड्यांतल्या मंडळांना द्यायचो. पत्रकात तशी सूचना छापली की फोन सुरू व्हायचे.

असाच एक फोन डिंभ्याच्या टेलिफोन बूथवरून आला. बाईचा आवाज, आणि तोही तारेवर विश्वास नसल्यासारखा खणखणीत.

"आमी आरोग्याचं काम करतो. बाया बायाच हाओत. आमाला एक कंप्युटर पायजे."

"कशासाठी हवाय?"

"साप चावला तर काय करायचं, ते छापून भितीभितीला लावायचंय. आमच्या भाषेत."

बाईंचं नाव कोंडाबाई. आहुप्याच्या अलीकडच्या एका वाडीतल्या. आमच्या बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा दोघातिघांनी मान हलवली. तिथं वीज कधी असते कधी नसते, रस्ता तसला, शिकलेलं माणूस एखादंच. एवढ्या लांब नेलेला संगणक महिन्याभरात धूळ खात पडेल, असं त्यांचं म्हणणं. ते अगदीच चूक होतं असंही नाही. तसे पडलेले संगणक मी स्वतः पाहिले होते. शेवटी ठरलं ते असं: मी संगणक घेऊन जायचं, प्रशिक्षण द्यायचं, आणि काम होणार नाही असं दिसलं तर त्याच जीपमधून तो परत आणायचा. निर्णय माझ्यावर सोपवला. बाकीच्यांना बरं वाटलं. मला मात्र प्रवासभर मांडीवर आणखी एक ओझं घेऊन बसल्यासारखं वाटत होतं.

एक ओझं तर खरोखरच मांडीवर होतं. तेव्हाचे मॉनिटर म्हणजे मागे भलंमोठं पोट असलेली पेटी. जीपवाले पोपटराव म्हणाले, "मागं ठेवला तर नारायणगावापत्तूर त्याचा भुगा व्हईल, म्याडम. तुमीच धरा." गोधडीत गुंडाळलेला तो मॉनिटर मी लेकरासारखा धरून बसले.

डिंगोरे

पहिला मुक्काम डिंगोऱ्याला होता. जुन्नर ओलांडून माळशेजच्या रस्त्याला लागलं की हे गाव येतं. दिवाळी नुकतीच झालेली. टोमॅटोच्या क्रेटनी भरलेले टेम्पो रस्त्याकडेला उभे, कांद्याची लावण चाललेली, आणि मागे शिवनेरीचा कडा उन्हात उजळलेला. इथल्या एका मंडळाने आपली खोली दिली होती. आजूबाजूच्या लहान संस्थांची माणसं तिथे दोन दिवस शिकायला येणार होती. कोंडाबाई आणि त्यांच्याबरोबरची संगीता दोन एसट्या बदलून आदल्या संध्याकाळीच येऊन पोचल्या होत्या.

कोंडाबाई पन्नाशीच्या आतबाहेरच्या. बांधा बारीक, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, नजर सरळ. संगीता विशीतली, आठवी शिकलेली, त्यांना मावशी म्हणायची. नात्याने मावशी नव्हे, पण वाडीत सगळे एकमेकांचे कोणीतरी असतातच.

उतरण्याची सोय मालतीवहिनींकडे होती. बागायतदारांचं घर, ओसरीवर मोटारसायकल, आत रंगीत टीव्ही, आणि चुलीवर मासवडीचा रस्सा. मासवडी हे नाव ऐकून पुण्याबाहेरची माणसं फसतात. तीत मासा नसतो. बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून, गुंडाळून, वड्या कापतात आणि त्या झणझणीत रश्शात बुडवून बाजरीच्या भाकरीबरोबर खातात. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. वहिनी म्हणाल्या, "तुमच्यासाठी मिरची कमी घातलीय हां, ताई." कोंडाबाई पदराआड हसल्या. मासवडी त्यांनीही पहिल्यांदाच खाल्ली होती. एकाच जिल्ह्यातल्या, पण या बाजूला बाजरी नि कांदा, त्या बाजूला भात नि नाचणी, आणि मध्ये डोंगर.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ग सुरू झाला. पुढच्या खुर्च्या गावातल्या तरुण मंडळाच्या पोरांनी धरल्या. हुशार मुलं होती; कीबोर्डवर हात टाकला की सोडत नव्हती. डोंगरातल्या या दोघी भिंतीला टेकून मागे बसल्या होत्या. मी त्यांना पुढे बोलावलं तेव्हा मंडळाचा एक कार्यकर्ता चांगल्या मनाने म्हणाला, "म्याडम, या बायांना कशाला त्रास? काय पायजे ते सांगा म्हणावं. आमी टाईप करून देतो की राव."

कोंडाबाई उठून पुढे आल्या. "देताल भाऊ, तुमी देताल. पण उद्याच्याला त्यात एक शब्द बदलायचा झाला तर आमी डोंगर उतरून डिंगोऱ्याला यायचं का?"

खोली हसली, तो मुलगाही हसला, आणि त्यानेच खुर्ची रिकामी करून दिली. पुढे दोन्ही दिवस तो संगीताच्या शेजारी उभा राहून तिला कळा दाखवत होता, हेही सांगायला हवं.

भात कापून संगीताची बोटं खरखरीत झाली होती. ती एकेक कळ अशी दाबायची की जणू कणगीचं झाकण बसवतेय. दुपारपर्यंत तिने स्वतःचं नाव लिहिलं. तेवढ्यात माझी फजिती झाली. पुण्याहून आणलेला नमुना मी मंडळाच्या संगणकावर उघडला, तर पडद्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं नि टिंबं यांचा नुसता चिवडा. आमचा फाँट त्या संगणकात नव्हता. तेव्हा प्रत्येकाची मराठी वेगळी असायची. एकाचं लिहिलेलं दुसऱ्याच्या यंत्राला कळत नसे. फाँट घालून होईपर्यंत वीज गेली. भारनियमन. मग आम्ही अंगणात बसलो आणि कागदावर मजकूर ठरवायला घेतला.

मी एक पुस्तिका बरोबर नेली होती. तीतून वाचलं, "दंश झालेला अवयव स्थिर ठेवावा."

"अवयव म्हंजी?" कोंडाबाईंनी विचारलं.

"हातपाय," संगीता म्हणाली.

"मग हातपाय म्हना की. हातपाय हालवू नको. झालं."

असं करत करत मजकूर तयार होऊ लागला. हातपाय हालवू नको. चालू नको, उचलून न्या. आवळून बांधू नको. ब्लेड मारू नको. गाडी बोलवा. जीपवाल्याचा नंबर नि इंजेक्शन कुठं मिळतं ते खाली लिवलंय. सगळं भराभर चाललं होतं. मग कोंडाबाईंचा आवाज एकदम बदलला.

"आता लिव, भगताकडं जाऊ नका."

संगीताचं पेन थांबलं. "मावशी, हे लिवलं तर कागुद दुपारपत्तूर बी भितीवर ऱ्हानार नाय. फाडून टाकतील."

"फाडू दे."

"मग छापायचं कशाला?"

कोंडाबाई उठून गेल्या. परड्यात जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. संगीताने मला हळू आवाजात सांगितलं ते असं: दोन वर्षांपूर्वी, असंच भात कापणीच्या दिवसांत, कोंडाबाईंच्या धाकट्या जावेला, यमुनाला, शेतात साप चावला. वाडीतले धावजी भगत हे कोंडाबाईंचे चुलत सासरे. साप-विंचवाचं विष उतरवायला सगळा डोंगर त्यांच्याकडे येतो. यमुनालाही त्यांच्याच ओट्यावर नेलं. ते मंत्र म्हणत राहिले, लोक वाट बघत राहिले. जीप आली तेव्हा उशीर झाला होता. जीपमध्येच कोंडाबाईंच्या मांडीवर यमुना गेली. "तवापासून मावशी त्यांच्या दाराला गेली न्हाई. आरोग्याचं काम बी तवापासूनच धरलं."

डिंभे

वर्ग संपल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं, पोपटराव धरून, घोडेगावमार्गे डिंभ्याला निघालो. मॉनिटर आता मागच्या बाकावर संगीताच्या मांडीवर होता. माझ्याकडून तिने तो मागूनच घेतला.

धरणाच्या भिंतीपाशी पोचलो की पाणी एकदम समोर येतं. घोड नदीचं अडवलेलं पाणी डोंगरांच्या पायथ्यांत हातपाय पसरून बसलेलं. काठाला होड्या, वाळत घातलेली जाळी, मासळीचा वास. एका टपरीत भातावर माशाचं कालवण मिळालं. पातळ, आंबट, हळदीने पिवळंधमक. पोपटरावांनी एकादशी आहे असं सांगून फक्त वास घेतला, आणि मग दोन वेळा विचारलं की कालवण कसं झालंय.

जेवणानंतर कोंडाबाई काठावर जाऊन बसल्या. मी शेजारी बसले. त्यांनी पाण्यात दूर बोट दाखवलं.

"माझं म्हायेर तिथं खाली हाय. धरणात गेलं."

पुण्याच्या माझ्या नळाला जेव्हा पाणी येत नाही तेव्हा मी वैतागते. इथे एका बाईचं माहेर पाण्याखाली आहे आणि ती ते शेजारच्या गल्लीचा पत्ता सांगावा तसं सांगते.

त्या पुढे म्हणाल्या, "ताई, आमी घरोघर जाऊन सांगतो. लोक आमाला च्या पाजतात, हो म्हंतात. आन साप चावला का मामंजींच्याच वट्यावर जातात. संगी म्हंती ते खरं हाय. लोक आमचं ऐकत न्हाईत, त्यांचं ऐकत्यात."

"मग?"

"मग त्यांनीच सांगाया पायजे." त्यांनी पदर सारखा केला. "तुमच्याकडं फोटूची मशीन हाय ना?"

होती. संस्थेचा डिजिटल कॅमेरा मी बरोबर नेला होता. तेव्हा ती मोठी अपूर्वाई होती.

"त्यांचा फोटू कागदावर घालू. खाली त्यांचंच बोलनं." एवढं बोलून त्या उठल्या आणि जीपकडे चालू लागल्या. ज्याच्या दाराला दोन वर्षं पाय लावला नाही त्याच्याकडे मागायला जायचं होतं. पाठ ताठ होती, पण चपला काठावरच राहिल्या होत्या. मी त्या उचलून घेतल्या.

वाडी

डिंभ्यापुढचा रस्ता पाण्याच्या कडेकडेने वळणं घेत वर चढतो. डावीकडे पाणी, उजवीकडे उतारावर भाताची खाचरं, काही कापलेली, काही पिवळी उभी. नाचणीची कणसं घरांपुढे वाळत होती. एका वळणावर जीपचा पट्टा तुटला. पोपटराव खाली उतरून बोनेटमध्ये शिरले. गवताचे भारे घेऊन जाणारे दोघं भारे टाकून मदतीला आले, आणि जाताना आमच्याकडून काही घ्यायचं सोडून आम्हालाच काकडी देऊन गेले. "पावणं, उनाचं खावा," एवढंच म्हणाले.

वाडीत शाळेच्या ओट्यावर संगणक मांडला. मास्तरांनी टेबल दिलं. सगळी वाडी जमली. आमच्याकडे शहरात तेव्हा संगणक घेतला की त्याला प्लॅस्टिकचं आवरण, घरातल्या मोठ्यांनी लांब राहायचं, हात फक्त मुलांनी लावायचा. इथे उलट. म्हातारीकोतारी पुढे आली, एकेकीने कीबोर्डवरून हात फिरवून पाहिला. संगीता मधोमध बसून सांगत होती, "हे दाबलं का अक्षर येतं, हे दाबलं का जातं." कालपर्यंत भिंतीला टेकून बसलेली हीच का मुलगी, असं मला वाटलं. आवाजसुद्धा निराळा होता.

तेवढ्यात वीज गेली आणि यूपीएस टीं टीं करू लागला. लहान पोरं पळाली. एक आजी कळवळून म्हणाली, "अगं, ती रडाया लागली. भूक लागली आसंल, काय तरी घाला तिला!" संगीता म्हणाली, "भूकच लागलीय आजी. लाईट खाती ती. आली का गप बसंल." आणि तिने शांतपणे, शिकवल्याप्रमाणे, आधी काम साठवलं आणि मग संगणक बंद केला. माझ्या वर्गात शहरातले कित्येक कार्यकर्ते हे करायला विसरायचे. मला तिचा इतका अभिमान वाटला की मी उगीचच चष्मा पुसू लागले.

दुपार कलली तेव्हा कोंडाबाई आल्या. धुतलेलं लुगडं नेसल्या होत्या. "चला," म्हणाल्या.

धावजी भगत आपल्या खळ्यावर भात झोडत होते. सत्तरीच्या पुढचे, लांब हाडांचे, डोक्याला फेटा, गळ्यात काळा दोरा. कोंडाबाईंना पाहून त्यांच्या हातातली पेंढी तशीच राहिली. कोंडाबाईंनी डोक्यावर पदर घेतला आणि खळ्याच्या कडेला, शेणाने सारवलेल्या जागेबाहेर, उभ्या राहिल्या. मग म्हातारा म्हणाला,

"आलीस?"

"आले."

"बस."

"बसत न्हाई. काम हाय."

त्यांनी कागद काढला, संगीताने वाचून दाखवला. म्हातारा ऐकत होता. वाचून झाल्यावर त्याने विचारलं, "ह्यात माझं काय?"

"तुमचा फोटू पायजे. तुमी सांगायचं, साप चावला तर माझ्याकडं थांबू नका, दवाखान्यात जा."

म्हाताऱ्याचा चेहरा कठीण झाला. "म्हंजी मी माझ्याच तोंडानं सांगू, का माझा मंत्र खोटा?"

मला वाटलं, संपलं. मी काहीतरी समजुतीचं बोलणार तोच कोंडाबाईंनी हाताने मला थांबवलं.

"खोटा म्हनाया मी आले न्हाई. मंत्रानं माणूस घाबरत न्हाई, धीर धरतो, हे मी बी बघितलंय. यमुनेनं बी तुमच्याकडं बघूनच धीर धरला व्हता. पण मामंजी, तिला जीप पायजे व्हती."

धावजींनी पेंढी खाली ठेवली आणि ते दगडावर बसले. बोलले तेव्हा आवाज अगदी खाली गेला होता.

"मला ठावं व्हतं. नाडी सुटाया लागली तवाच ठावं व्हतं. पण भवताली एवढी माणसं. सगळी माझ्या तोंडाकडं बघतायत. म्हनायचं कसं, का आता माझ्यानं व्हत न्हाई? पोरीनं माझ्याकडं बघत जीव सोडायला घेतला, आन मी आपला म्हनत ऱ्हायलो." त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. "दोन वर्सं तू आली न्हाईस. मी म्हंतो, बरोबर हाय तिचं."

कोंडाबाई खळ्याची कड ओलांडून आत आल्या आणि त्यांच्यासमोर बसल्या. रडल्या नाहीत. दोघंही नाही. फक्त कोंडाबाईंनी पडलेली पेंढी उचलून बाजूला नीट लावली.

थोड्या वेळाने म्हातारा म्हणाला, "मी न्हाई म्हटलं तरी लोक येनार. मी त्यान्ला कसं टाळू? पण एक हाय. मंत्र म्हनाया वटाच लागतो असं कुठं हाय? गाडीत बसून बी म्हनता येतो."

संगीताने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या हातात कॅमेरा दिला. फोटो तिनेच काढला. धावजींनी फेटा पुन्हा बांधला, छाती पुढे काढली आणि अशा नजरेने पाहिलं की कॅमेऱ्यालाही जरब बसावी. लगेच मागच्या पडद्यावर त्यांना स्वतःचा चेहरा दाखवला. ते टक लावून बघत राहिले. "लई म्हातारा झालो की गं मी," म्हणाले.

खालचे शब्द त्यांनीच सांगितले, संगीताने तसेच लिहून घेतले: *साप चावला तर माझी वाट बघू नका. आधी गाडी बोलवा. मी गाडीत येतो. — धावजी भगत.*

घोडेगाव आणि पुन्हा वर

एक पान आम्ही बरोबर नेलेल्या लहान प्रिंटरवर छान निघालं. पण वाड्यावाड्यांना पुरतील इतक्या प्रती काढायच्या तर झेरॉक्स हवी होती. म्हणून दुसऱ्या दिवशी घोडेगावला उतरलो. झेरॉक्समधून पहिली प्रत बाहेर आली आणि आम्ही कपाळाला हात लावला. धावजींचा चेहरा पार काळा. फेटा कुठला नि कपाळ कुठलं कळेना. दुकानदार म्हणाला, "फोटो असाच येनार, म्याडम. मशीनला दोष नका देऊ."

मी म्हटलं, फोटो काढून टाकू, शब्द तरी जातील. कोंडाबाई म्हणाल्या, "न्हाई. तोंड पायजे." त्याच दुकानात एक संगणक होता, आणि आमची फाईल नि फाँट मी फ्लॉपीवर बरोबर आणले होते. संगीता त्याच्यासमोर बसली. डिंगोऱ्यात मी ओझरतं दाखवलेलं तिने शोधून काढलं: फोटो उजळ केला, मागचं खळं कापून टाकलं, नुसता चेहरा ठेवला. पहिल्यांदा जास्त उजळला, तेव्हा धावजी भुतासारखे पांढरे निघाले. मग थोडा कमी. तिसऱ्या वेळेस फेटा, मिशा, ती नजर, सगळं कागदावर उतरलं. दुकानदार प्रत हातात धरून म्हणाला, "आरं, हे तर धावजी भगत! माझ्या आज्याची पाठ त्यांनीच बरी केलेली." आणि त्याने एक प्रत आपल्या काचेवर आतून चिकटवली. पहिला कागद लागला तो असा, आम्ही न सांगता.

शेवटचा दिवस आहुप्याचा. डोंगरमाथ्यावरचं हे गाव. पलीकडे कडा तुटतो आणि खाली कोकण दिसतं. पोचलो तेव्हा खालून ढग वर येत होते आणि कड्याशी येऊन थबकत होते. आधी देवराईत गेलो. झाडांचे बुंधे दोन माणसांच्या कवेत न मावणारे, वेलींनी एकमेकांत गुंतलेले, पायाखाली ओल. वाळकी काटकीसुद्धा इथून कोणी उचलत नाही. धावजी आमच्याबरोबर आले होते. त्यांनी देवापुढे कागदाची एक प्रत ठेवली, वर सुपारी ठेवली, पुटपुटले आणि ती उचलून कोंडाबाईंच्या हातात दिली. "आता लाव," म्हणाले.

गावातल्या दुकानाच्या भिंतीला कोंडाबाईंनी तो कागद लावला. खळ लावायला धावजी. लोक जमले. एकाने विचारलं, "भगत, हे तुमी म्हनलाय का खरंच?" म्हातारा भिंतीपाशी उभा राहून म्हणाला, "फोटू माझाच हाय ना? मग?"

त्या संध्याकाळी नाचणीची भाकरी आणि खुरासणीची, म्हणजे कारळ्याची, चटणी खाताना मी कोंडाबाईंना माझा निर्णय सांगितला. संगणक परत न्यायचा प्रश्नच नव्हता. "तो तुमचा. तुमच्या वाडीत राहील."

मला वाटलं त्या खूश होतील.

"वाडीत नको, ताई. डिंभ्याला ठेवा. तिथं लाईट बरी असती. आठवड्याच्या बाजाराला सगळ्या वाड्यांच्या बाया तिथं उतरतात. आमच्या घरात ठेवला तर तो कोंडाबाईचा कंप्युटर व्हईल." संगीताचा चेहरा क्षणभर पडला, पण तिने मान डोलावली. "मी जाईन बाजाराच्या दिवशी," म्हणाली. "शिकवीन बी."

पुण्यात आमच्या बैठकांमध्ये एखाद्या संस्थेने मिळालेली वस्तू दुसऱ्याला वापरू द्यावी म्हणून आम्ही पानंच्या पानं लिहीत असू. इथे भाकरी मोडता मोडता तो प्रश्न सुटला. जेवताना मला भरून आलं. ते मी खुरासणीच्या तिखट चटणीवर ढकललं.

परतल्यावर

परत आल्यावर आमच्या पत्रकाच्या पहिल्याच पानावर आम्ही तो कागद जसाच्या तसा छापला, धावजींच्या फोटोसकट. इतर जिल्ह्यांतल्या संस्थांचे फोन आले; त्यांना आपापल्या बोलीत तसा करायचा होता. मी सगळ्यांना डिंभ्याच्या बूथचा नंबर देत राहिले. माझ्यापेक्षा संगीता चांगलं सांगेल, असं सांगायचे.

पावसाळ्यात एक दिवस संगीताचाच फोन आला. पलीकडे पावसाचा आवाज होता, तिला ओरडून बोलावं लागत होतं. आहुप्याकडच्या एका गुराख्याला साप चावला होता. त्याला उचलून रस्त्यावर आणलं, जीप आली, धावजी पुढच्या सीटवर बसून दवाखान्यापर्यंत मंत्र म्हणत गेले. इंजेक्शन मिळालं. माणूस घरी आला, हिंडूफिरू लागला.

मी खुर्चीतून उठलेच. ऑफिसमधले सगळे माझ्याकडे बघू लागले.

"पण ताई, इकडच्या जीपवाल्याचा फोन नंबर बदलला व्हता," संगीता पुढे म्हणाली. "कागदावर जुनाच व्हता. नशीब, आहुप्याच्या दुकानदाराला नवा ठावं व्हता."

"अरे देवा. थांब, मी दोन दिवसांत नवा मजकूर करून पाठवते. फाँटचं तुला—"

"नाय ओ ताई," ती मध्येच म्हणाली. "केला आमी. छापला, झेरॉक्स काढली, सगळ्या वाड्यांत जुने काढून नवे लावले. मावशी पावसात हिंडून आली. तुमाला नुसतं सांगाया फोन केला."